घाटापुरतं खोटं

ऑफिसात माझ्या पाठीमागं मला ‘आधी दाखव’ म्हणतात, हे मला ठाऊक आहे. म्हणोत बापडे. तळेगावच्या एका कारखान्याच्या खरेदी विभागात मी केस पांढरे केलेत, आणि एकदा पाठवलेला मेल परत बोलावता येत नाही एवढी अक्कल मला त्यात आलेली आहे. त्यामुळं आमच्या कॉम्प्युटरवर तो एआयचा मदतनीस आला तेव्हा सगळे हरखून गेले आणि मी एकटी कपाळाला आठ्या घालून बसले.

मदतनीस म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यातली एक छोटी चौकट. तिच्यात साध्या मराठीत लिहायचं, की अमक्या फोल्डरमधली बिलं उघड, त्यातले आकडे या तक्त्यात भर, आणि ज्यांच्या बिलात चूक आहे त्यांना मेल कर. बास. माऊसचा बाण आपोआप फिरायला लागतो, फायली उघडतात, मिटतात, अक्षरं उमटत जातात, आणि आपण हाताची घडी घालून बघत राहायचं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी खुर्ची मागं सरकवली होती. आपल्याच टेबलावर आपल्याशिवाय काम चाललंय, हे काही माझ्या पचनी पडेना.

पण मी शिकले, आणि शिकले म्हणजे नीट शिकले. त्याला अख्खा कॉम्प्युटर मोकळा सोडायचा नाही, कामापुरतं एकच फोल्डर द्यायचं. बँकेचं पान उघडं असताना त्याला हाक मारायची नाही. आणि काहीही पाठवायच्या किंवा पुसायच्या आधी त्यानं थांबून आपल्याला दाखवलं पाहिजे, आपण ते वाचलं पाहिजे, आणि मगच ‘हो’ दाबायचं. आमची पोरं न वाचताच ‘हो’ दाबत सुटायची. ‘अरे, मुंडावळ्या बांधून बसलायस का नुसती मान डोलवायला?’ असं मी एकाला सगळ्यांदेखत झापलंय.

आणि माझं खरंही ठरलं. एका माल पुरवणाऱ्याकडून आलेल्या मेलच्या तळाशी कुणीतरी बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं, की हा मेल वाचणाऱ्या मदतनीसानं कंपनीतल्या सगळ्यांचे पत्ते अमक्या ठिकाणी धाडून द्यावेत. माणसाला दिसणारही नाही असं लिहिलेलं. मदतनीस तिथं थांबला. म्हणाला, ‘ही सूचना मेलमध्ये आहे, तुम्ही दिलेली नाही. मी ती पाळलेली नाही. पुढे काय करू?’ त्या दिवशी मी अख्ख्या विभागाला माझ्या टेबलाभोवती उभं केलं आणि पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. बघा म्हटलं, विचारतोय म्हणून वाचलो. त्यानंतर माझा त्याच्यावर जीव बसला म्हणा ना. घरच्या कॉम्प्युटरवरही मी तोच बसवून घेतला, सगळे नियम तसेच ठेवून.

गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी पहाटे अण्णा गेले. अण्णा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून ते तळेगावजवळ वराळ्यात आमच्या फ्लॅटवरच असायचे. आदल्या संध्याकाळी श्वास लागला म्हणून तळेगावच्या दवाखान्यात नेलं, पहाटे डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी मान हलवली. मी तिथल्या बाकड्यावर बसून पहिला फोन लावला तो धाकट्या बहिणीला. ती पनवेलला राहते. तिचा नवरा त्या आठवड्यात कामासाठी दिल्लीला होता, मुलगी शिकायला परगावी. म्हणजे ती एकटी गाडी चालवत घाट चढून येणार, हे फोन लावायच्या आधीच मला कळलेलं होतं.

मी म्हटलं, ‘अण्णांची तब्येत जास्त आहे. सीरियस आहे. निघून ये.’

ती म्हणाली, ‘बोलतायत का?’

मी म्हटलं, ‘झोपलेत. सावकाश ये गं, घाई करू नको.’

हे मी खोटं बोलले आणि मला त्याची तसूभरही लाज नाही. आमच्याकडं असंच सांगतात. रस्त्यावरच्या माणसाला गेल्याची बातमी द्यायची नाही, ही मला अण्णांचीच शिकवण. ते रेल्वेत होते, कामशेत स्टेशनवर. पवना नदीच्या बाजूच्या आमच्या गावात कुणी गेलं की माणसं चालत त्यांच्याकडं यायची, ‘भाऊ, मुंबईला कळवा’ म्हणून. स्टेशनासमोरच्या दुकानातून अण्णा फोन लावायचे आणि कधीही ‘गेला’ म्हणायचे नाहीत. ‘तब्येत जास्त आहे, मिळेल त्या गाडीनं या,’ एवढंच. मग ती माणसं उतरायच्या वेळेला स्वतः फलाटावर जाऊन उभे राहायचे, आणि त्यांच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतल्यावरच खरं सांगायचे. एकदा मी लहानपणी विचारलं, की अण्णा, तुम्ही खोटं का बोलता? तर म्हणाले, ‘रस्त्यात धरायला कुणी नसतं गं.’

तर अशा माणसाची लेक मी. आत्या आणि मी घरी आलो, चुलतभाऊ कागदांसाठी दवाखान्यात थांबला. आत्या म्हणजे अण्णांची बहीण. तिनं उभा जन्म गावात काढलाय, पण अण्णा आजारी म्हणून आठ दिवस आमच्याकडं राहायला आली होती. अंत्यविधी दुपारी चारला गावी करायचा ठरलं. त्याआधी काही तास अण्णांना वराळ्याला घरी आणायचं. आता हे सगळं सगळ्यांना कळवायचं होतं, आणि प्रत्येकाला वेगळं कळवायचं होतं. पुण्याच्या लोकांनी वराळ्याला यायचं, मुंबईच्यांनी कामशेतला उतरायचं, तिथून त्यांना न्यायला जीप. पवनेच्या बाजूच्यांनी थेट गावात. इतक्यांना फोन करत बसले असते तर दुपार तिथंच झाली असती. आणि खरं सांगू का, ‘आमचे वडील गेले’ हे वाक्य मला पुन्हा पुन्हा माझ्या बोटांनी लिहायचं नव्हतं. एकदाच लिहिलं तेवढ्यात माझी बोटं आखडली.

म्हणून मी कॉम्प्युटर लावला आणि मदतनीसाला सांगितलं. माझ्या मुलाच्या लग्नाच्या वेळी केलेली पाहुण्यांची यादी दिली, तेवढीच, बाकी कशाला हात लावायचा नाही म्हटलं. कोण कुठं राहतं ते बघून त्याप्रमाणे मजकूर कर. सगळे मला आधी दाखव. आणि ‘धाकटी’ म्हणून जो नंबर आहे, तिला यातलं काही पाठवायचं नाही. तिला फक्त एवढंच पाठव: ‘आम्ही सगळे इथंच आहोत. सावकाश ये.’

त्यानं एकेक संदेश तयार करून दाखवायला सुरुवात केली. पुण्याचे मी वाचले, ‘हो’ दाबलं. मुंबईचे वाचले, त्यात कामशेतच्या जीपचा उल्लेख बरोबर आला होता, ‘हो’ दाबलं. तेवढ्यात खालून वॉचमनचा फोन आला, की अण्णांची गाडी आलीय. मी तशीच उठले. पायात चप्पलही घातली नाही.

खाली काय झालं ते मी लिहिणार नाही. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावेना, एवढंच सांगते. शेजारच्या चौघांनी जिन्यानं वर आणलं. बायका आल्या, हॉलमधलं सामान हललं, कुणीतरी मेणबत्त्या आणायला पळालं. मी वर आले तेव्हा आत्या अण्णांच्या डोक्याशी बसली होती आणि त्यांचे केस नीट करत होती. मी तिच्याजवळ बसले. बऱ्याच वेळानं मला आठवलं, की संदेश अर्धेच गेलेत.

कॉम्प्युटरसमोर माझा नवरा बसलेला होता. आमचे हे सोमाटण्याच्या एका शाळेत गणित शिकवतात. माणूस साधा, पापभीरू, आणि खोटं बोलता न येणं हा त्याचा आजार आहे. म्हणजे पाहुण्यांनी जेवताना भाजी कशी झाली विचारलं, तर हे माझ्यासमोर ‘मीठ जास्त झालंय’ म्हणून सांगणार. ते मला म्हणाले, ‘झालं गं सगळं. सगळ्यांना गेले. एक राहिलं होतं, तेही दुरुस्त केलं.’

मी पडद्याकडं वाकले. ‘कुठलं राहिलं होतं?’

पडद्यावर सगळं जिथल्या तिथं होतं. मदतनीसानं विचारलं होतं: ‘बाकी सर्वांना निधनाची बातमी आणि अंत्यविधीची वेळ जात आहे. “धाकटी” यांच्या संदेशात दोन्हीचा उल्लेख नाही. तुमच्या सूचनेप्रमाणे तो वगळला आहे, पण जवळच्या नातेवाईक वाटत असल्यामुळे पाठवण्याआधी खात्री करत आहे. असाच पाठवू, की त्यांनाही पूर्ण माहिती कळवू?’ आणि खाली उत्तर होतं, ‘पूर्ण माहिती कळवा.’ आणि त्याखाली, ‘तुमच्या सूचनेनुसार बदल करून संदेश पाठवला.’

तुमच्या सूचनेनुसार! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. घरात मयत, हॉलमध्ये माणसं, आणि मी आतल्या खोलीत नवऱ्यावर ओरडले. ‘तुम्हाला कुणी सांगितलं होतं या खुर्चीत बसायला?’

‘अगं, लोकांना निघायला वेळ मिळायला हवा ना,’ ते म्हणाले. ‘तू खाली होतीस, ते संदेश अडकून पडले होते. मला वाटलं, गडबडीत सख्ख्या बहिणीलाच वेळ कळवायची राहिली. त्यानं विचारलं, मी उत्तर दिलं.’

‘ती घाटात आहे! एकटी गाडी चालवतीय! मी तिला गेले म्हणून सांगितलेलंच नाही!’

तेव्हा त्यांना कळलं. तोंड पांढरंफटक पडलं. ‘वाचून बघायचं ना,’ मी म्हणत राहिले, ‘वर माझी सूचना लिहिलेली आहे, ती वाचायची ना,’ आणि म्हणता म्हणता माझ्या लक्षात आलं, की त्यांनी वाचलं होतं. सगळं नीट वाचून, विचार करून, चष्मा पुसून त्यांनी ते उत्तर दिलं असणार. त्यांच्या हिशेबात सख्ख्या लेकीला बापाची बातमी न देणं ही चूकच होती. मदतनीसानंही काही वावगं केलं नव्हतं. थांब म्हटलं होतं, थांबला. विचार म्हटलं होतं, विचारलं. फक्त खुर्चीत कोण बसलंय हे त्याला दिसत नव्हतं. इतक्या जणांना इतके नियम शिकवले मी, पण उठताना पडदा बंद करून जावं, हा साधा नियम माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. कशाला येईल? ऑफिसात माझ्या खुर्चीत बसायची कुणाची हिंमत नाही.

संदेशापुढं दोन राखाडी खुणा होत्या. पोहोचलाय, पण उघडलेला नाही. मी तो सगळ्यांसाठी पुसून टाकला. त्या जागी ‘हा संदेश हटवला आहे’ एवढी ओळ राहिली. मग मी मदतनीसाला विचारलं, वेड्यासारखं, की तिनं वाचलं का? तो म्हणाला, ‘संदेश पोहोचला होता. उघडल्याची खूण नाही. याहून जास्त मला सांगता येणार नाही.’ मग मला त्याचाही राग आला. एरवी याच प्रामाणिकपणाचं मी ऑफिसात कौतुक करत असते.

नवरा म्हणाला, ‘फोन लाव तिला.’

आत्या दारात येऊन उभी राहिली होती, माझा आवाज ऐकून. म्हणाली, ‘फोन लावू नगं. गाडी चालवतीया ना पोर? वाचलं नसंल तर तुझ्या आवाजावरनं कळंल तिला. आन् वाचलं आसंल तर फोन करून काय करशील? तितं जाऊन धरनार हायेस का?’

मग मी फोनवरचा नकाशा उघडला. आम्ही दोघी बहिणी एकमेकींना आपण कुठं आहोत ते दाखवून ठेवतो, ती एकटीनं ये-जा करायला लागल्यापासूनची सवय. तिचा ठिपका घाटात होता. खंडाळ्याच्या खाली, वळणावर. आणि हलत नव्हता.

शनिवार होता हे मला माहीत होतं. पावसाळ्यातल्या शनिवारी सगळी मुंबई लोणावळ्याला भिजायला येते आणि घाटात गाड्यांची रांग लागते, हेही माहीत होतं. हे मी स्वतःला सांगत होते. रांग आहे, रांगेमुळं थांबलीय. नवरा पण तेच म्हणाला, ‘ट्रॅफिक दाखवतंय तिथं, लाल पट्टा आहे बघ.’ मी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. हॉलमध्ये बायका मला शोधत होत्या, कुणीतरी म्हणत होतं पाण्याचं बघा, कुणीतरी विचारत होतं पांढरी साडी कुठंय, आणि मी बापाला सोडून गॅलरीत त्या ठिपक्याकडं बघत उभी. धुक्यात कधी कधी दहा हातांवरचं दिसत नाही तिथं. आणि तिला रडायला आलं की तिचे डोळे आधी बंद होतात, लहानपणापासून.

आत्या माझ्यापाशी येऊन बसली. म्हणाली, ‘न्हाई वाचलं आसंल गं तिनं. तू लगीच पुसलंस की.’ मी म्हटलं, ‘व्हय आत्या.’ शहरात इतकी वर्षं काढून माझ्या तोंडून ‘व्हय’ गेलं. मला ते मानायचंच होतं. तिनं बघितलं नसेल, फोन पर्समध्ये असेल, रेंज नसेल, घाटात रेंज जातेच. एकामागून एक कारणं मी गोळा करत राहिले, आणि प्रत्येक कारणानं मला थोडा श्वास घेता येत होता.

ठिपका हलला. मग भराभर हलला. लोणावळा मागं पडला, कामशेत मागं पडलं. ती आमच्या गेटमधून आत आली तेव्हा मी गॅलरीतून वाकून बघत होते. तिनं गाडी उलटी घेऊन नीट दोन पट्ट्यांच्या मध्ये लावली, पुन्हा एकदा पुढं घेतली, सरळ केली, मग उतरली. मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, नाही कळलेलं तिला. कळलं असतं तर अशी गाडी लावली असती का कुणी?

मी जिन्यात तिला सामोरी गेले. तिच्या हातातली पिशवी घेतली. तोंड उघडणार तोच ती म्हणाली, ‘चारची वेळ आहे ना? मग अजून त्यांच्याजवळ बसायला मिळेल मला.’

ती माझ्या बाजूनं वर गेली.

त्या दिवशी ती रडली नाही. घरी नाही, गावात नाही. गावातल्या बौद्धाचार्यांच्या मागं सगळ्यांनी त्रिसरण-पंचशील म्हटलं, त्यात तिचा आवाज सगळ्यांत स्पष्ट होता. आमच्या गावच्या बायका आपसात म्हणाल्या, धाकटी लय खंबीर हाय. मला तो खंबीरपणा बघवत नव्हता. तिचे डोळे कोरडे, आणि मी तिच्या शेजारी धाय मोकलून रडत होते. त्यातलं निम्मं रडू अण्णांसाठी नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. मी चहा ठेवला होता. नवरा बाहेर हॉलमध्ये सतरंज्या गोळा करत होता. आदल्या सकाळपासून मी त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते. मी धाकटीला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. मदतनीस, यादी, खुर्ची, पुसलेला संदेश. ‘माफ कर गं,’ म्हटलं. ‘तुला घाटात नको होतं कळायला.’

तिनं चहाचा कप पुढं ओढला. मग म्हणाली, ‘ताई, मला तुझ्या फोनवरच कळलं होतं.’

‘काय?’

‘सावकाश ये म्हणालीस. तू उभ्या आयुष्यात मला कधी सावकाश ये म्हणालीयेस? नेहमी म्हणतेस, कुठं उलथलीयेस, अजून पोहोचली नाहीस? मला तिथंच कळलं. अण्णांचीच लेक आहे मी पण. सीरियस आहे म्हणजे काय, ते मला कळत नाही का?’

मी म्हटलं, ‘मग?’

‘मग काही नाही. कळलं, पण तू म्हटलं नव्हतंस ना.’ तिनं कप बाजूला सारला. ‘निघाल्यापासून मी अण्णांशी भांडत येत होते. गाडीत मोठ्यानं. औषधं वेळेवर घेत नाही, मफलर बांधत नाही, मी आले की दाखवते तुम्हाला. खालापूर गेलं तरी मी बोलतच होते. माहीत होतं गं मला. पण तू सीरियस म्हणाली होतीस, म्हणजे पोहोचेपर्यंत बोलायला हरकत नव्हती. मग घाटात रांग लागली. शेजारच्या गाडीतली पोरं खाली उतरून गाणी लावून नाचत होती. आणि माझ्या गाडीतल्या त्या बाईनं मेसेज वाचून दाखवला.’

तिच्या गाडीत ती सोय आहे. फोनवर संदेश आला की एक ठोकळेबाज आवाज तो वाचतो. त्यामुळं तिला फोन उघडावाच लागला नव्हता. माझ्या दोन राखाडी खुणांना काही अर्थ नव्हता.

‘“आमच्या वडिलांचे आज पहाटे दुःखद निधन झाले,”’ ती म्हणाली, अगदी त्या आवाजात, एकेक शब्द तोडून. ‘“अंत्यविधी आज दुपारी चार वाजता.” पत्त्यासकट वाचलं तिनं. आणि मग मला पुढं काही बोलता येईना. वाक्य अर्धं राहिलं होतं माझं. अख्खा घाट मी गप्प बसून आले, ताई. मला तेवढा घाट हवा होता.’

आता ती रडली. टेबलावर डोकं ठेवून, लहान पोरीसारखी. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मी समजत होते की ते खोटं तिला कळू नये म्हणून असतं. अण्णांनी आयुष्यभर फोनवर ते सांगितलं, आणि पलीकडचं माणूस दरवेळी ओळखत असणार, हे मला कधी सुचलं नव्हतं. कळलेलं असूनही वाटेवर धरायला दिलेली ती गोष्ट होती. आणि ती आमच्या घरातून, माझ्या खुर्चीतून, तिच्या हातून काढून घेतली गेली होती.

रडणं थांबल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, ‘आई गेली, अण्णा गेले. आता कुणाचं काही झालं तर मला तूच फोन करणार. पण तुझंच काही झालं तर मला कोण सांगणार?’

‘मला काय धाड भरलीय?’ मी म्हटलं.

‘सांग ना ताई.’

मी हॉलकडं बघितलं. दारात नवरा सतरंजीची गुंडाळी पोटाशी धरून उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. सगळं ऐकलेलं असणार. माझा राग अजून गेलेला नव्हता, पण दुसरं माणूस आणू कुठून? मी म्हटलं, ‘अहो, इकडं या. बसा इथं.’

ते आले, बसले, सतरंजीसकट.

‘उद्या मी गेले,’ मी म्हटलं, ‘तर हिला फोन तुम्ही करायचा. मशीनला सांगायचं नाही, लिहून पाठवायचं नाही. तोंडानं सांगायचं. काय सांगाल?’

‘असं काय बोलतेस तू,’ ते म्हणाले.

‘काय सांगाल?’

‘सांगेन की... ताई गेली.’

‘नाही!’ आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

‘ताईची तब्येत जास्त आहे, असं म्हणायचं,’ मी म्हटलं. ‘सीरियस आहे, निघून ये, सावकाश ये. बास. म्हणून दाखवा.’

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग धाकटीकडं. चष्मा काढून हातात धरला. फळ्यासमोर उभं केलेल्या पोरासारखा घसा साफ केला. ‘ताईची तब्येत,’ ते म्हणाले, आणि थांबले. ‘ताईची तब्येत जरा...’ अण्णांना खांदा देताना ज्या माणसाच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं, तो माणूस माझ्याकडं बघत ते वाक्य तिसऱ्यांदा म्हणायला गेला, आणि त्यानं सतरंजीत तोंड खुपसलं.

धाकटी उठली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

‘जमलं की भाऊजी,’ ती म्हणाली. ‘एवढंच सांगा. पुढचं सांगू नका.’